आगीसाठी टांगलेली बादली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका बोळात, भिंतीतल्या खुंटीला मी लटकते आहे. अंगावर लाल रंग आहे आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'आग' असे लिहिले आहे. लांबून मी मोठी ऐटबाज दिसते.

अडुसष्ट सालच्या शिमग्यात होळीची ठिणगी उडून बोळातला एक हातगाडा जळाला. तेव्हा त्र्यंबक मास्तरांनी मला बाजारातून आणले, स्वतः रंगवले आणि पंचगंगेची वाळू भरून इथे टांगले. "आग लागल्याशिवाय हिला कुणी हात लावायचा नाही," असे त्यांनी सगळ्यांना बजावले. तेव्हा काय मान होता माझा! होळी पेटवण्याआधी मला उतरवून शेजारी ठेवत. दिवाळीत विझलेल्या फुलबाज्या माझ्यातच खोचायच्या, असा मास्तरांचा दंडक होता.

मास्तर वारले आणि माझे दिवस फिरले. बायका भांडी घासायला मूठमूठ वाळू नेऊ लागल्या. पुरुष विड्यांची थोटके खुपसू लागले. असू दे, उरलेली वाळूही वेळेला पुरेल, असे मी मनाशी म्हणत असे. वेडी आशा, दुसरे काय!

मग तो दिवाळीचा पाडवा आला. सजवलेल्या म्हशींची मिरवणूक बघायला सगळा बोळ गेला होता. बोळातल्या बायडाबाईंची म्हैस चंद्री मात्र घरीच होती. ती गाभण होती, दिवस भरत आले होते. बायडाबाई एकट्या, आणि चंद्रीच्या दुधावरच त्यांची चूल पेटायची. त्यांनी तिची शिंगे घरीच रंगवली आणि उसाच्या पाल्याने शाकारलेल्या गोठ्यात तिला साखळीने बांधले.

मिरवणुकीहून तरुण मंडळी परतली ती सुतळी बॉम्ब घेऊनच. पुढे आकाराम होता. बायडाबाईंकडचेच दूध पिऊन वाढलेला.

"आकारामा, म्हस बुजतीय रं. पल्याड मैदानात वाजवा की," बायडाबाई म्हणाल्या.

"वर्साचा सण हाय, मावशी! एवढ्यानं काय हुतंय?"

आणि त्याने मला खाली काढले, वाळू गटारात ओतली आणि पेटत्या बॉम्बवर मला पालथे घातले. का, तर आवाज घुमावा म्हणून! मी उंच उडून आपटले, तेव्हा माझे बूड निम्मे सुटून लोंबत होते. लोक टाळ्या पिटत होते. हसत हसत त्यांनी मला पुन्हा खुंटीला अडकवले.

थोड्याच वेळात एक बाण वाकडा गेला आणि गोठ्याच्या पाल्यात घुसला.

"बादली! बादली आणा!"

बायडाबाईंनी मला ओढून काढले, जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत बुडवले आणि धावत सुटल्या. गोठ्यापाशी पोचेपर्यंत सगळे पाणी त्यांच्याच पायांवर सांडले होते. त्या पुन्हा फिरल्या, पुन्हा भरून धावल्या. माझे बूड त्यांनी पाहिलेच नाही. मला ओरडता आले असते तर! साखळी सोडवायला आत शिरलेला आकाराम तळहात भाजून बाहेर आला. शेजाऱ्यांच्या घागरी येईपर्यंत आतले रेकणे थांबले होते. चंद्री गेली, पोटातले रेडकूही गेले.

चार दिवसांनी आकाराम हातांना पट्ट्या बांधून बायडाबाईंच्या दारात बसला. "चुकलं माझं, मावशी."

"दोनदा भरली की रं मी बादली," त्या म्हणाल्या. "पानी गेलं कुठं?"

आकारामने ते सांगितले नाही. बायडाबाई भावाकडे कळंब्याला निघून गेल्या आणि तो प्रश्न बरोबर घेऊन गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

लोंबणारे बूडही पुढे गळून पडले. दर दिवाळीला मात्र मला नवा लाल रंग मिळतो. मैदान तिथेच आहे, फटाके अजून बोळातच वाजतात. मोकळ्या जागी वाजवा, मुक्या जनावरांची आठवण ठेवा, हे मी किती वर्षे मनातल्या मनात सांगते आहे. ऐकतो कोण?

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत अशी एखादी बादली असेल. रंगावर जाऊ नका. तिच्या खाली उभे राहून एकदा वर बघा. माझ्या खाली उभे राहिलात, तर आभाळ दिसते.