अर्ध्या-अर्ध्या मालकीची कानेला

मित्रांनो, मी एक म्हातारे खेचर आहे. आई घोडी, बाप गाढव. आम्हा खेचरांना लेकरे होत नाहीत. पूर्वी मला याचे वाईट वाटे. माणसांचे आपसातले युद्ध पाहिल्यापासून वाटत नाही.

ग्रीसच्या पिंडस डोंगरात पेत्रोवुनी नावाचे गाव आहे. तिथल्या झिसिस आणि स्तेर्यो या दोन मित्रांनी मला भागीत विकत घेतले. अंग दालचिनीच्या रंगाचे, म्हणून नाव ठेवले कानेला, म्हणजे दालचिनी. एक आठवडा मी याच्या गोठ्यात, एक आठवडा त्याच्या.

"तोंडाकडचा भाग तुझा, चारा तू घाल," स्तेर्यो म्हणे. "मागचा माझा."

"मग लाथाही तुझ्याच!" झिसिस हसे.

मी लाकडे वाहिली, चीज वाहिले, नटलेल्या नवऱ्या वाहिल्या. झिसिसला मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याला स्तेर्यो तिचा धर्मपिता झाला. हे नाते आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा जवळचे मानतात. मीही तसेच मानत होते.

मग महायुद्धात आमचा देश बळकावून बसलेले जर्मन सैन्य निघून गेले. सारे गाव हातात हात घालून नाचले, आणि त्याच हातांनी पुढे एकमेकांवर बंदुका रोखल्या. झिसिस डोंगरातल्या बंडखोरांना मिळाला. स्तेर्योने सरकारी सैन्याची टोपी घातली. त्या आठवड्यात मी झिसिसच्या गोठ्यात होते, म्हणून मी बंडखोर झाले. माझा पक्ष एवढ्यावरच ठरला.

घाबरलेल्या बायका-मुलांनी गुहांत आसरा घेतला होता. झिसिसची बायको पोलिक्सेनी आणि मुलगीही तिथेच होत्या. भर दुपारी मी त्यांच्यासाठी पिठाची पोती घेऊन खिंड चढत होते. माझा पट्टा ढिला झाला, म्हणून झिसिस थांबला. तेवढ्यात वरच्या खडकामागून आवाज आले. आमचे कान उगाच लांब नाहीत.

"साहेब, तो झिसिस आहे. माझ्या धर्मलेकीचा बाप." हा स्तेर्यो होता.

"बंडखोर आहे. दारूगोळा नेतोय. घाल गोळी," त्याचा कप्तान म्हणाला.

"मी खेचराला मारतो, साहेब. माल इथंच पडेल आणि तो पळून जाईल."

"खेचराला धक्का लागला तर याद राख! तोफा काय तुझी आजी वाहणार? खेचरं मिळत नाहीत. माणसं पैशाला पासरी पडलीत."

झिसिस पट्टा आवळत होता. स्तेर्योने नुसती शीळ घातली असती, पायाने एक दगड ढकलला असता, तरी पुरे होते. त्याने नेम धरला. नेम उत्तम होता. मला ओरखडासुद्धा उठला नाही.

"लाथ मारलीस होय गं?" झिसिस एवढेच म्हणाला आणि कोसळला.

त्याला माझ्याच पाठीवर आडवा टाकून गावच्या चौकात आणले. त्याला धुळीत फेकले आणि माझ्या गळ्यात हार घातला. पोती उघडली तर आत पीठ. कप्तानाने हात झटकले. "दारूगोळाच सापडला असं सांगायचं," तो म्हणाला. रक्त लागलेले पीठ वरवर काढून टाकले आणि उरलेल्याचे पाव भाजले. स्तेर्योही खात होता. चावत होता, गिळत होता. मित्रांनो, आम्हा खेचरांना ओकता येत नाही. त्या दिवशी ते फार जाणवले.

दुसऱ्या दिवशी पोलिक्सेनी डोंगर उतरून आली.

"वहिनी, माझा इलाज नव्हता," स्तेर्यो म्हणाला. "हुकूम होता. कानेलाला गोळी लागू द्यायची नव्हती."

"मग लागली नाही ना?"

"नाही."

"बरं झालं, भाऊजी. तिच्यात अर्धा वाटा आमचा होता. तोही आता तूच घे. आख्खी तुझी झाली."

तिने कप्तानाकडे नवऱ्याचे प्रेत मागितले. "नेणार कशावर?" कप्तान हसला. स्तेर्यो घाईघाईने माझा दोर तिच्यापुढे धरू लागला. "वहिनी, हिला ने गं."

"नको. सरकारी जनावर आहे ते," ती म्हणाली. "जपा त्याला."

आणि आमच्या डोंगरातल्या बायका सरपण वाहतात, तसे तिने झिसिसला दोरीने आपल्या पाठीला बांधले आणि वाकून चढण चढू लागली. एवढे शिपाई उभे होते. कुणी हात लावला नाही. मी हार घालून उभी होते.

युद्ध संपले आणि मी कायमची स्तेर्योच्या गोठ्यात आले. स्तेर्यो मला जव घालतो, रोज खरारा करतो, थंडीत स्वतःची घोंगडी माझ्या अंगावर टाकतो. मुक्या जीवावर किती माया, असे गाव म्हणते. एवढे लाड माझे कधीच झाले नव्हते. त्याचा हात अंगावर पडला की माझी कातडी थरथरते. तो समजतो, माशी बसली.

मित्रांनो, मुक्या जनावरांना जपा असे तुम्हाला शाळेत शिकवतात. जरूर जपा. पण जनावर वाचवायला माणूस मार, असे कुणी तुम्हाला सांगेल, तेव्हा एवढे करा. खुशाल जनावरावर गोळी झाडा.