न वाजलेली दवंडी

मित्रांनो, मी एक जुनं डफडं आहे आणि सध्या एका सरकारी कचेरीत कपाटाच्या डोक्यावर पडून आहे. माझ्या कड्याला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर 'पुरावा' असं लिहिलं आहे. चार वर्षं झाली, मला कोणी हात लावलेला नाही. एरवी मी माझी गोष्ट सावकाश रंगवून सांगितली असती. आज तेवढी सवड नाही. का, ते शेवटी कळेल.

माझा जन्म वर्ध्याजवळ नालवाडीला झाला. कातडं मढवणाऱ्या तानबानं सागाचं कडं वाकवलं, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलं आणि चार थापा मारून कान लावून ऐकलं. या तानबाला एक खोड होती. डफडं दुरुस्तीला कधी आलं आणि परत कधी गेलं, त्या दोन्ही तारखा तो जांभळ्या पेन्सिलीनं कड्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "गिऱ्हाईक भांडते ना बापा. मंग मी नाई बोलत, तारीख बोलते." त्याच्या या खोडीचं मला तेव्हा हसू यायचं.

समुद्रपूरपासून एस.टी.नं अर्ध्या तासावरच्या एका गावानं मला घेतलं आणि मी नत्थूजी कोतवालाच्या घरी खुंटीवर टांगला गेलो. कोतवाल म्हणजे सरकारचा निरोप गावाला सांगणारा माणूस. निरोप आला की नत्थूजी कडब्याची चिपाडं पेटवून मला शेकायचा, कातडं ताठ झालं की काखेत मारायचा आणि निघायचा. चावडीपुढे, शाळेपाशी आणि वस्तीच्या टोकाला, अशा तीन जागी दवंडी. आमच्याकडे तिला मुनादी म्हणतात. पोरांना डोस पाजायला आणा, मतदारयादीत नाव बघून घ्या, उद्या ग्रामसभा आहे, हे सगळं गावाला माझ्याकडून कळायचं. मी वाजलो की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. मग मला गर्व का होऊ नये? मला वाटायचं, मी म्हणजे सरकारचा गळा आहे.

नत्थूजीनं एकदा मला शेकता शेकता माझी ही घमेंड चांगलीच उतरवली. "तू सरकारचा गळा नाई बापू, लगाम व्हय. कोनाचं वावर घ्याचं असन, त सरकारले पह्यले गावात येऊन सांगा लागते. तू वाजला का मंग तीस दिवस लोकाईले हरकत घ्याचा हक्क. तू नाई वाजला, त ते तीस दिवस चालूच होत नाई. येवढं मोठं सरकार, पर तुह्यासाठी थांबते." त्या दिवसापासून मी अधिकच फुगलो. मात्र वाजताना जरा जपून वाजू लागलो.

आता आमच्या चुकीकडे येतो. आमचे तलाठी पिपरी मेघेला राहायचे आणि आठवड्यातून एकदा, मंगळवारी, गावात यायचे. चारची एस.टी. चुकली की त्यांचा मुक्काम पडायचा. म्हणून आमच्या गावात एक रीतच पडून गेली होती. 'दवंडी दिली' या कागदावर नत्थूजी आधी सही करायचा, तलाठी कागद घेऊन एस.टी.त बसायचे, आणि मग नत्थूजी मला खुंटीवरून काढायचा. एकोणीस वर्षं असंच चाललं. सही केली आणि दवंडी दिली नाही, असं एकदाही झालं नाही. माणूस इमानी होता, म्हणूनच कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

१९९९च्या ऑगस्टमध्ये ओल लागून माझं कातडं फाटलं. नत्थूजीनं मला नालवाडीला नेऊन दिलं. मी तानबाकडे पडून होतो आणि इकडे मंगळवारी तलाठी आले. नत्थूजीनं नेहमीप्रमाणे कागद न वाचता सही केली. "डफडं आलं का काय सांगाचं ते सांगतो तुले, मंग दे मुनादी," तलाठी म्हणाले आणि एस.टी.कडे पळाले. पुढे त्यांची बदली झाली. मी नव्या कातड्यानिशी परत आलो, खुंटीवर चढलो, आणि त्या कागदाचं कोणाला काही आठवलं नाही.

तो कागद रुख्माबाईच्या वावराचा होता. तीन एकर रान आणि एक विहीर. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं कसलं होतं, आणि सुरभी नावाची तिची एकुलती लेक त्याच विहिरीवर पोहायला शिकली होती. सरकारला तिथं गोदाम बांधायचं होतं. कार्तिकात माणसं साखळी घेऊन मोजणीला आली, तेव्हा रुख्माबाईला हे कळलं. ती कचेरीत धावली. तिथं उत्तर मिळालं की मुदत केव्हाच संपली, दवंडी झाली आहे, कोतवालाची सही आहे.

ती तशीच नत्थूजीच्या अंगणात आली.

"नत्थूजी, माह्या वावराची मुनादी केव्हा देल्ली तुम्ही?"

"नाई देल्ली, बाई."

"मंग सही कोनाची हाय?"

"माहीच."

ती ओरडली नाही. खुंटीकडे बघून एवढंच म्हणाली, "मंग हे कायले टांगून ठेवलं?" मित्रांनो, त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

नत्थूजी दोन दिवस जेवला नाही. त्याची बायको पंचफुला म्हणाली, "पुढल्या साली तुमची नोकरी पुरी होते. गप राहा न." तो गप राहिला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मला धोतराच्या फडक्यात बांधलं आणि रुख्माबाईबरोबर तिच्या तक्रारीच्या सुनावणीला गेला. तिथं निकाल देणाऱ्या अधिकारी बाईसाहेबांपुढे उभा राहून म्हणाला, "सही माही हाय साहेब, पर मुनादी खोटी हाय. डफडंच गावात नव्हतं." बाईसाहेबांनी चष्मा लावून मला उलटं केलं. आत जांभळ्या अक्षरात तानबा बोलत होता: आलं १२ ऑगस्ट, गेलं ३० ऑगस्ट. सरकारी कागदावर डफडं वाजवल्याची तारीख होती १७ ऑगस्ट.

निकाल लागला. वावराला हात लावायचा नाही. जमीन हवीच असेल तर नव्यानं दवंडी द्या आणि पुन्हा तीस दिवस थांबा. खोट्या सहीबद्दल नत्थूजीची नोकरी गेली. "याले घरी नेऊ न आता?" रुख्माबाईनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. कारकून म्हणाला, "नाई, हे आता फाइलीसंग राह्यते." सरकारला थांबवलं मी, आणि राहायला आलो सरकारच्याच घरी. नत्थूजी मला मागायला दोनदा आला. तिसऱ्यांदा आला नाही. का, ते मला सांगायला इथं कोण आहे?

आज दुपारी या कपाटाखाली दोन माणसं बोलत होती. एक कारकून, दुसरा आमच्या गावचा नवा कोतवाल कैलास.

"इथं सही कर. ते गोदामाचं वावर. नव्यानं मुनादी लागते म्हनते."

"पर गावात डफडंच नाई जी."

"सही करून ठेव. मुनादी देजो मंग सवडीनं."

कैलास थोडा घुटमळला. मग कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. कैलास वाईट मुलगा नाही, नत्थूजीही वाईट नव्हता. मी वरून पडायचा खूप प्रयत्न केला. पण चार वर्षांत मला कोणी शेकलं नाही. पडलो असतो तरी गोणपाटासारखा धप्प एवढाच आवाज झाला असता.

मित्रांनो, सरकार म्हणजे राक्षस नाही. पोरांना डोस तेच पाजतं. पण कुठं थांबायचं, हे त्याला दर वेळी कोणीतरी सांगावं लागतं. सांगायला असतं काय, तर एक डफडं, तीस दिवस आणि एक खरी सही. यांतलं काहीच पोलादाचं नाही. शेकलं नाही तर सैल पडतं, आणि सैल पडलेलं दिसतही नाही. म्हणून काम झाल्याशिवाय झालं म्हणून सही करू नका. कागद वाचल्याशिवाय तर नकाच.

आणि माझं एक काम करा. ते तीस दिवस आजपासून मोजले जाणार आहेत, आणि हे रुख्माबाईला ठाऊक नाही. ती आत्ता त्या वावरात कापूस वेचत असेल. समुद्रपूरहून एस.टी. धरा, अर्ध्या तासावर आमच्या गावच्या थांब्यावर उतरा, कोणालाही तिचं नाव विचारा. गावात डफडं नाही, तर घरातली थाळी वाजवा. पण आजच जा.