डावी भुवई

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. बारा वर्षं वर्तनोपचार केंद्रात लहान मुलांसमोर बसतेय. मुलांवर कधी आवाज चढवला नाही. मोठ्यांची मात्र खैर नसते. त्यामुळे आमच्या नव्या सुपरवायझर मॅडम, माझ्याहून चांगल्या दहा वर्षांनी लहान, "ताई, जरा बसता का? तुमच्या सेशनचा व्हिडिओ बघू या," असं म्हणाल्या, तेव्हाच माझं डोकं सटकलं. मनातल्या मनात मी त्यांचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. चालणं सरळ, बोलणंही सरळ.

व्हिडिओ भिंगरीचा होता. पाच वर्षांची पोर. सारखी स्वतःभोवती फिरते म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. आली तेव्हा बोलायची नाही, सांगितलेलं ऐकायची नाही, आणि कुणाच्या तोंडाकडे तर बघायचीच नाही. आईच्यासुद्धा. "मी तिला कपाटासारखी आहे हो," असं आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

सहा महिने मी त्या पोरीसाठी जिवाचं रान केलं. टेबलावर किल्ली, कंगवा आणि चमचा मांडायचा, जागा बदलत राहायची आणि म्हणायचं, "चमचा दे." आता दहापैकी नऊ वेळा बरोबर वस्तू माझ्या हातात पडत होती. त्या जोरावर एक शाळा तिला यंदा घ्यायला तयार झाली. अट एकच, पोरीला सांगितलेलं कळतं असा आमचा रिपोर्ट शनिवारपर्यंत हवा. आईनं तर गणवेशही शिवायला टाकला होता.

मॅडमनी व्हिडिओ लावला आणि आवाज बंद केला. "ऐकू नका. फक्त स्वतःकडे बघा."

बघितलं. पोरीचा हात किल्लीवर गेला, थांबला. कंगव्यावर आला, थांबला. चमच्यावर आला आणि माझी डावी भुवई टुणकन वर गेली. तिनं चमचा उचलला.

"योगायोग," मी म्हणाले.

त्यांनी पुढचं दाखवलं, त्याच्या पुढचं दाखवलं. प्रत्येक वेळी हात, भुवई, वस्तू. माझे कान गरम झाले.

"ताई, तिला चमचा कळत नाहीये. तुमची भुवई कळतेय."

"म्हणजे मी सगळ्यांना फसवतेय?"

"मुळीच नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं. मलाही तिसऱ्यांदा बघितल्यावर दिसलं. पण शाळेत तिच्यासमोर तुमची भुवई नसेल, ताई. तिथं ती काय करेल?"

"तुमचं पुस्तकी ज्ञान तुमच्यापाशीच ठेवा!" मी उठले.

"उद्या तोंडासमोर फाईल धरून बसा," त्या शांतपणे म्हणाल्या. "नऊ आले तर रिपोर्टवर सही करीन आणि तुमची माफीही मागीन."

घरी जाऊन नवऱ्याला सगळं तावातावानं सांगितलं. वाटलं, हा तरी माझी बाजू घेईल. तर हा पोट धरून हसायला लागला.

"अगं, अठरा वर्षं मी त्या भुवईवरच तर जगतोय! काय बोलायचं, कुठं गप्प बसायचं, सगळं तिथं दिसतं."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगितलं असतं तर तू ती दाबून धरली असतीस. मग माझं कसं व्हायचं?"

एरवी मीही हसले असते. त्या दिवशी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी फाईल धरून बसले. "चमचा दे." काही नाही. मग हातात किल्ली पडली. पुन्हा म्हटलं, तर कंगवा. दहापैकी दोन, तेही असेच लागलेले. शेवटच्या वेळी पोर खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली आणि दोन्ही हातांनी तिनं ती फाईल खाली ओढली. मला रडू फुटलं. सहा महिने मी हिला काय शिकवलं होतं?

मॅडम खोलीबाहेरून, फक्त बाहेरूनच आत दिसेल अशा काचेपलीकडून बघत होत्या. मी जाऊन म्हटलं, "तुमचंच खरं निघालं. झालं समाधान?"

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "ताई, तिनं फाईल का ओढली?"

"भुवई शोधायला. दुसरं काय?"

"कोणी? जी कुणाच्या तोंडाकडे बघतच नव्हती, तिनं?"

मी काचेतून पोरीकडे बघितलं.

"ती सहा महिने तुमचा चेहरा वाचतेय. हे मला काल आधी सांगायला हवं होतं. मी चूक आधी सांगितली. माझं चुकलं."

मोठ्या माणसानं असं सरळ म्हटलं की मला भांडता येत नाही. आईला मीच सांगेन, असं मी म्हटलं.

ते सांगणं फार जड गेलं. आई एकदम उभी राहिली. "नऊ म्हणाला होतात तुम्ही! तुमच्या भरवशावर मी..."

"म्हणाले होते. चूक माझी. यंदा शाळा होणार नाही. चमचा आता पहिल्यापासून, भुवईशिवाय शिकवायचा." मग मी तिचा हात धरून तिला माझ्या खुर्चीवर, पोरीसमोर बसवलं. "पण आज एकदाच, तिचा हात चमच्यावर आला की भुवई उचला."

"हेच चुकीचं होतं ना?"

"शिकवायला चुकीचं. आज आपण शिकवत नाही आहोत."

मी खोलीबाहेर पडले आणि काचेमागे मॅडमच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"चमचा दे," आई म्हणाली. पोरीचा हात किल्लीवर गेला, थांबला. तिनं खोलीत इकडेतिकडे बघितलं. मी नव्हते. मग तिनं हळूच मान वर केली आणि आईच्या तोंडाकडे बघितलं. आईला एक भुवई उचलता येईना, दोन्ही वर गेल्या, डोळे हे एवढाले झाले. पोर तिच्याकडे बघतच राहिली. आईच्या चेहऱ्यावर नजर ठेवूनच तिनं हात सरकवला, चमचा उचलला आणि पुढे धरला.

आई तो घेईना. घ्यायला खाली बघावं लागलं असतं. भुवया तशाच वर धरून ती बसून राहिली आणि गालावरून पाणी वाहत होतं.

"घ्या ना," मी काचेमागून पुटपुटले.

"राहू दे, ताई," मॅडम म्हणाल्या. त्याही डोळे पुसत होत्या.