टर्नरच्या गाडीचे ब्रेक

टर्नर हाताचा पक्का, पण डोक्यात एक खूळ शिरलं की बाकी सगळं विसरणारा माणूस. घरामागच्या शेडमध्ये त्यानं स्वतः गाडी बांधली होती. पाइपांची चौकट, भंगारातलं इंजिन, सीट तिसऱ्याच गाडीच्या. "ही चालते की ढकलता?" लोक विचारायचे. अहो, झकास चालायची! फक्त ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम व्हायची आणि गाडी घसरत जायची. म्हणून लेकीला शिकवताना त्यानं एकच धोशा लावला होता: ब्रेक दाबून धरायचा नाही, दाब-सोड करत राहायचं. पोरीच्या पायाला ती सवय अशी लागली की झोपेतसुद्धा चुकली नसती.

पोरगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि टर्नरनं नवं खूळ काढलं. गाडीला एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, बसवायची. भंगारातून युनिट आणलं, चाकांसाठी दातेरी कड्या लेथवर बनवल्या, सेन्सर जोडले. शेडसमोर साबणाचं पाणी ओतलं आणि बायकोला शेजारी बसवून चाचणी घेतली.

"बघ, पाय नुसता दाबून धरायचा! दाब-सोड आता यंत्रच करतं. मध्येच सोडलास तर सगळं मुसळ केरात."

"मला कशाला सांगता? मी थोडीच चालवणार आहे?" बायको हसली.

पोरगी सुट्टीला आली, तेव्हा त्यानं ऐटीत किल्ली तिच्या हातात ठेवली. "नवे ब्रेक बसवलेत. आता बिनधास्त चालव." बस, एवढंच बोलला मेला! मायलेकी बाहेर पडल्या. रस्ता ओला होता, आणि उताराखाली एक ट्रक आडवा उभा होता. गाडी थेट त्याच्यावर आदळली. बायको जागीच गेली.

पोरगी वाचली, पण दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अन्नाला शिवेना. "मीच मारलं आईला," एवढंच म्हणायची. टर्नरनं मोडकी गाडी तपासली. ब्रेक ठणठणीत होते. मग पोरीला काय सांगायचं राहिलं, ते त्याच्या लक्षात आलं. गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? पण पोटची पोर डोळ्यांदेखत झिजत होती. ती आपलं तोंड पुन्हा बघणार नाही, हे गृहीत धरूनच तो तिच्या खाटेशी गेला.

"बाळा, चूक माझी आहे. या ब्रेकला दाब-सोड चालत नाही, हे मी तुला सांगितलंच नाही. मी शिकवलं तेच तू केलंस. तुझा काडीचाही दोष नाही गं."

पोरीनं मान वळवली.

"म्हणजे दाबून धरायला हवा होता?"

"हो. तुला कसं कळणार होतं?"



"आई तेच ओरडत होती, बाबा. दाबून धर, सोडू नकोस. आणि मी तिच्यावर खेकसले, तू गप्प बस, तुला गाडीतलं काय कळतं?"

टर्नरनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

"शेवटचं तेवढंच बोलले मी तिच्याशी."