माळ संपेपर्यंत

त्रिंबकनं रोज सकाळी एक माळ ओढायचा नेम धरला, याचं गावाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. पन्नाशी उलटली की माणूस एक तर माळ धरतो किंवा निवडणुकीला उभा राहतो, आणि त्रिंबकला मत द्यायला गिरिजाबाईही तयार झाली नसती. ती त्याची बायको. अंबडपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या या गावात त्याचा राग प्रसिद्ध होता. एसटी उशिरा आली तर तो कंडक्टरशी भांडायचा, आणि वेळेवर आली तर रोज का येत नाही म्हणून भांडायचा.

माळ दिली काकासाहेबांनी, म्हणजे गावातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींनी. त्यांचे नियम दोनच. रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी बसायचं, आणि एकशे आठ मणी होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही. त्रिंबक मोसंबीचा बागाईतदार. उतारा किती पडेल हे विचारल्याशिवाय तो खताची गोणीही घेत नसे. यानं होतं काय, असं त्यानं रोखठोक विचारलं.

"बस तर खरं," काकासाहेब म्हणाले. "जे होतं ते बसणाऱ्याला होतं."

सव्वा महिन्यानं तो तक्रार घेऊन गेला. राग आहे तेवढाच आहे, तोंडात नाव असतं पण डोक्यात विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, व्यापाऱ्याचा भाव आणि सख्खा भाऊ परमेश्वर असतो. काकासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मन जाईल तिकडं जाऊ दे, तू जागेवर राह, एवढंच सांगितलं. त्रिंबकला ही सरळसरळ फसवणूक वाटली. पण नेम मोडला तर गिरिजाबाई आठवडाभर बोलून दाखवेल, आणि तिला तशी संधी द्यायची नाही हा त्याचा त्याहूनही जुना नेम होता. म्हणून तो बसत राहिला.

भावाचं प्रकरण असं होतं. रान वाटून झालं तरी विहीर सामाईक राहिली होती. सकाळची पाळी थोरल्या त्रिंबकची, दुपारची धाकट्या परमेश्वरची. पावसाळ्यात यात काही वाईट नव्हतं. उन्हाळ्यात मात्र विहीर जेमतेम दोन तास चालायची, आणि तेही सकाळी. दुपारी परमेश्वर मोटार लावायचा आणि पाइपातून हवा निघताना ऐकायचा. यावर दोघं आठ वर्षं भांडत होते. पद्धत ठरलेली होती. परमेश्वरनं एक वाक्य बोलायचं, त्रिंबकनं ते मध्येच तोडायचं, आणि चौथ्या वाक्याला आईमाईचा उद्धार सुरू व्हायचा. दोघांची आई एकच असल्यामुळं तिथं पंचाईत होऊन भांडण संपायचं.

नेमाच्या त्र्याण्णवाव्या दिवशी, त्रिंबक ओट्यावर घोंगडीवर बसलेला असताना, परमेश्वर आला. धुतलेले कपडे, खिशात वकिलानं दिलेला कागद. नऊच्या गाडीनं अंबडला जाऊन सही केली की दावा दाखल होणार होता आणि विहिरीला सरकारी कुलूप लागायचीही शक्यता होती. जाण्याआधी थोरल्या भावानं एकदा भरपूर शिव्या द्याव्यात, म्हणजे मोकळ्या मनानं सही करता येईल, अशी त्याची साधी अपेक्षा होती.

"दादा, मी चाललो कोर्टात," तो म्हणाला.

त्रिंबकचा हा बाविसावा मणी होता. सणसणीत उत्तर जिभेवर आलं. एका दिवसाचा नेम असता तर माळ परमेश्वरच्या डोक्यावर बसली असती. पण ब्याण्णव सकाळी, कंटाळत का होईना, बूड त्याच जागी टेकलेलं होतं. ते हललं नाही. बोटानं पुढचा मणी ओढला.

शांती वगैरे काही उतरली नव्हती. राग नेहमीसारखा आला होता, फक्त त्याला पहिल्यांदाच ओट्याखाली थांबावं लागत होतं.

परमेश्वरनं भात्यातलं सगळं काढलं. बांध कोरला, बापाची बैलगाडी ठेवून घेतली, लग्नात मानपान बराबर केला नाही. चाळिसाव्या मण्यापर्यंत हे पुरलं. समोरून काही येईना, तेव्हा त्यानं बैलगाडी पुन्हा एकदा काढली. मग तीही संपली. गिरिजाबाई चहाचा कप घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली, कारण हे दोघं बोलत असताना इतकी शांतता तिनं या घरात पाहिली नव्हती.

सत्तराव्या मण्याच्या आसपास परमेश्वर ओट्याच्या कडेला टेकला.

"माझी दीडशे झाडं वाळून राह्यली, दादा," तो खाली बघत म्हणाला. "भावनाला म्हणलं, दादा रागीट हाये पण झाडं वाळू देणार न्हाई. ती हसली माझ्यावर."

भावना म्हणजे त्याची बायको. उरलेले मणी दोघांनी मिळून ऐकले.

माळ संपली. त्रिंबकनं ती कपाळाला लावून खाली ठेवली. एवढ्या वेळात त्याच्याकडं तीस-चाळीस उत्तरं जमली होती, पण त्यातलं एकही झाडांच्या वाक्याला लागू पडत नव्हतं.

"झाडं वाळून राह्यली, हे आधी कधी सांगितलं न्हाई तू," तो म्हणाला.

"आठ वर्षं झाली, तेच सांगायला येऊन राह्यलो. तू चौथ्या वाक्याच्या पुढं जाऊ कुठं देतो?"

त्रिंबकनं हिशेब लावून पाहिला. ते खरं होतं.

"जा, मोटार लाव," तो म्हणाला. "आजची सकाळ तुझी. उद्याची माझी. असं आड दिवसानं चालू दे."

परमेश्वरनं गिरिजाबाईकडं पाहिलं. ती साक्षीला आहे याची खात्री करून त्यानं चहाचा कप घेतला, आणि वकिलाला फोन लावून आज जमत न्हाई असं कळवलं. कधी जमेल, हे वकिलानं विचारलं. फोन ठेवून तो म्हणाला, "उद्या तुझं डोकं फिरलं तर? लिहून दे मला."

"लिहून काय देऊ? साडेसहाला मी इथं बसतो. अर्धा तास माझं तोंड बंद असतं. काय म्हणायचं ते त्या वेळी येऊन म्हण."

"रोज?"

"रोज," त्रिंबक म्हणाला. "माझा नेम हाये."