घरच्या कोंबड्यांचे पाणी वेगळे

मी एक जुनी निळी टाकी आहे. कोंबड्यांच्या एका लांब शेडच्या तोंडाशी, लोखंडी सांगाड्यावर उंच बसलेली. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते. माझे झाकण कोणी उघडले की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हाताकडे बघते. तुम्ही म्हणाल, टाकीने एवढे मनाला का लावून घ्यावे? पण जिच्या पोटात लोक वाटेल ते ओततात आणि झाकण लावून निघून जातात, तिने संशय घेऊ नये तर काय करावे?

जन्मतः मी अशी नव्हते. कारखान्यात प्लास्टिकची निळी पूड साच्यात भरली, तो साचा भट्टीत गरगर फिरवला आणि त्यातून मी बाहेर आले. अंगावर कुठे जोड नाही की शिवण नाही. एका कामगाराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि ही चांगली टिकेल असे म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली तेवढी एकच स्तुती मी शंका न घेता स्वीकारली.

मग मी या शेडवर आले. शेड भाऊंच्या नावावर होती, पण चालायची ती अक्कांच्या हातांवर. अक्का म्हणजे भाऊंची मोठी बहीण. पक्ष्यांची एक बॅच गेली आणि दुसरी यायची असली की अक्का बाह्या सावरून माझ्यात उतरायच्या आणि ब्रशने मला आतून घासून काढायच्या. मग विहिरीचे स्वच्छ पाणी माझ्यात पडायचे. माझ्यातून एक नळी शेडभर गेलेली आहे आणि तिला छोट्या छोट्या तोट्या आहेत. पिल्लाने चोच लावली की थेंब पडतो. पिल्ले पाणी पिऊ लागली की शेडभर टकटक आवाज व्हायचा. तो आवाज मला फार आवडायचा. आपल्यामुळे कोणाची तरी तहान भागते याचे समाधान मोठे असते.

एकदा पक्षी माना टाकू लागले. भाऊंनी जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावले. त्यांनी पक्षी तपासले, औषध दिले आणि ते कसे द्यायचे तेही समजावून सांगितले. सांगितले तितके दिवस द्यायचे, मध्येच सोडायचे नाही. बंद केल्यावरही काही दिवस पक्षी विकायचे नाहीत, कारण औषध लगेच अंगाबाहेर जात नाही, मांसात राहते. अक्कांनी सगळे तसेच केले. पक्षी उठून उभे राहिले. सगळ्यांनी औषधाची वाहवा केली आणि थोडी माझीही केली. मला आपले उगीचच भरून आले होते.

तिथेच सगळे बिघडले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, पण भाऊंनी फुंकर घालायचे सोडून ताकातच औषध घालायला सुरुवात केली. आता पक्षी आजारी पडायची वाट बघायची गरज उरली नाही. पिल्ले आली की औषध. हवा बदलली की औषध. मग एक टॉनिकवाला येऊ लागला. त्याच्याजवळ नाव नसलेल्या पांढऱ्या पुड्या असायच्या. हे औषध नव्हेच, नुसते वाढीचे टॉनिक आहे, पक्षी कसे टरारून वाढतील बघा, असे तो मधाचे बोट लावून सांगायचा. मी पहिल्याच दिवशी ओळखले. डॉक्टरबाईंच्या औषधाची जी कडू चव माझ्या पोटात उतरली होती, तीच ही होती. कुठेतरी पाणी मुरत होते आणि ते माझ्यातूनच जात होते.

माझा संशय पक्का झाला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. शेडच्या मागे एक लहान खुराडे होते. त्यात घरी खाण्यासाठीच्या चार-दोन कोंबड्या असायच्या. भाऊंनी अक्कांना बजावून ठेवले होते की या कोंबड्यांना टाकीचे पाणी द्यायचे नाही. अक्का त्यांच्यासाठी विहिरीवरून वेगळी बादली आणायच्या आणि मातीच्या पसरट भांड्यात ओतायच्या. पक्षी न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याच्या ते एकदा नजरेस पडले. तो हसत म्हणाला, "काय भाऊ, आपल्याच खानावळीत आपण जेवत नाही वाटतं?"

भाऊ हसले, पण उत्तर देण्याऐवजी त्यांनी गाडी नीट लावायला सांगितली. तेव्हापासून मी भाऊंनाही संशयितांच्या यादीत घातले. जे पाणी चांगले आहे, ते घरच्या कोंबड्यांना का चालत नाही?

एके दिवशी शेडमधली गादी उपसताना अक्कांच्या तळहाताला तार लागली. गादी म्हणजे पक्ष्यांच्या पायाखाली अंथरलेले भाताचे तूस. त्यात त्यांची विष्ठा मिसळलेली असते. अक्कांनी हात पदराला पुसला आणि काम पुरे केले. ओरखडा एवढासाच होता. पण हात सुजला, मग ताप आला. दवाखान्यातून नेहमीची औषधे आणली. ताप हटेना. हात कोपरापर्यंत लाल झाला तेव्हा भाऊ घाबरले आणि अक्कांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

पुढचे मला भाऊंच्या बोलण्यातून कळले. ते माझ्या सांगाड्याला टेकून बायकोशी बोलत होते. जखमेतला पू तपासायला पाठवला होता. त्यातले जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. आता एकच जालीम औषध उरले होते. ते लागू पडले नाही तर हात काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले होते. अक्का काय काम करतात, हेही त्यांनी विचारून घेतले होते.

भाऊ हादरले. अक्कांनी त्यांना आईच्या मायेने वाढवले होते. त्यांनी चुकीचा माग काढायला सुरुवात केली. विहीर खराब असेल, खाद्यात भेसळ असेल, तार गंजकी असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी चालली होती. मी वरून सगळे बघत होते, पण मला तोंड म्हणून आहे ती खालची तोटी, आणि तिच्यातून शब्द येत नाहीत.

शेवटी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी शेडमधल्या पक्ष्यांची विष्ठा तपासायला नेली, घरच्या कोंबड्यांचीही नेली. काही दिवसांनी परत येऊन त्यांनी सांगितले ते तुम्हीही नीट ऐका. कोंबडीच्या आतड्यात असंख्य जंतू राहतात. काही अन्न पचवायला मदत करतात, काही त्रास देतात. रोज थोडे थोडे औषध पोटात गेले की त्यातले दुबळे मरतात आणि चिवट उरतात. मग चिवटांचीच प्रजा वाढते आणि विष्ठेतून गादीत येते. अक्कांच्या हातात सापडलेले जंतू शेडमध्येही होते. आणि ते घरच्या कोंबड्यांतही होते.

"त्या तर वेगळं पाणी पितात," भाऊ म्हणाले.

डॉक्टरबाईंनी शेडमागे बोट दाखवले. उपसलेल्या गादीचा ढीग तिथे पडला होता आणि घरच्या कोंबड्या त्यावर चढून मजेत उकरत होत्या, दाणे टिपत होत्या. रोजच उकरायच्या. मी किती वर्षे ते वरून बघत आले होते.

"पाणी वेगळं केलंत. कोंबड्या कुठे वेगळ्या केल्यात?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी भाऊंची गत झाली. त्यांनी सगळ्यांदेखत शब्द दिला की यापुढे डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय माझ्यात काही पडणार नाही. मी ऐकून घेतले. विश्वास ठेवला नाही.

जालीम औषध लागू पडले. अक्कांचा हात वाचला, पण दोन बोटे वळेनाशी झाली. त्या घरी यायच्या होत्या त्याच सकाळी पक्षी न्यायला गाडी येणार होती. आदल्या दिवशी काही पक्षी शिंकले होते. भाऊ शिडीवर चढले, इकडेतिकडे पाहिले आणि छपराच्या तुळईमागून एक पुडी काढली. ही शेवटचीच, असे काहीतरी ते पुटपुटले. तीच कडू चव माझ्या पोटात उतरली. त्या क्षणी मला माझीच किळस आली.

अक्का रिक्षातून उतरल्या आणि घरात न जाता सरळ माझ्याकडे आल्या. त्यांनी भावजयीकडून पेला मागवला, डाव्या हाताने माझ्या तोटीखाली धरून भरला आणि भाऊंपुढे केला.

"पी," त्या म्हणाल्या.

भाऊंनी पेला घेतला. ओठांपर्यंत नेला. तिथेच तो थांबला. गाडीवाला दाराशी उभा राहून बघत होता. अक्का भावाकडे बघत होत्या आणि त्यांना सगळे कळले.

"अजून?" एवढेच त्या म्हणाल्या.

भाऊंनी पेला ओतून दिला. खाली वाकून माझ्या तळाचे बूच काढले, आणि मी रिकामी होईपर्यंत मान खाली घालून तिथेच उभे राहिले. गाडी रिकामीच परत गेली. औषध अंगातून जाईपर्यंत पक्षी शेडमध्येच राहिले. गादीचा ढीग आता कुंपणापलीकडे झाकून ठेवतात, आणि मला भरणारा माणूस पहिला पेला स्वतः पितो. वेगळी बादली बंद झाली. घरच्या कोंबड्याही माझेच पाणी पितात. या वयात असा मान मिळेल असे वाटले नव्हते.

मित्रांनो, औषधाशी माझे वैर नाही. त्यानेच ते आजारी पक्षी उठले आणि त्यानेच अक्कांचा हात वाचला. म्हणून तर सांगते, ते जपून वापरा. आजारी जिवाला द्या, पुरते द्या, नंतर थांबायचे तितके थांबा. त्याचे रोजचे पाणी करू नका, नाहीतर खऱ्या गरजेच्या दिवशी त्याचे पाणीच होऊन बसेल. आणि जे आपल्या घरात चालत नाही ते दुसऱ्याच्या ताटात वाढू नका.

एवढे सगळे झाले तरी माझा स्वभाव काही गेलेला नाही. छपराच्या तुळईमागे एक पुडी अजून आहे, मला इथून तिचा कोपरा दिसतो. भाऊ तिला विसरले आहेत की त्यांनी ती ठेवली आहे, मला ठरवता येत नाही. अक्कांना आता शिडी चढता येत नाही. तुमच्यापैकी कोणी इकडे आलेच, तर तेवढी ती काढून डॉक्टरबाईंच्या हातात द्या.