वर्दीचं ताट

निमेश पोलिसात लागला आणि पहिल्याच दिवशी वर्दी घालून माहीमच्या बाजारात आईला भेटायला गेला. त्याची आई रखमा तिथे मासे विकायची. शेजारच्या कोळणीने खाकी बघितली आणि सवयीने, न विचारताच, जाडजूड सुरमई त्याच्या पिशवीत कोंबली. ह्या दिवट्याने ती हसत हसत घेतली, पैशाचं नावसुद्धा काढलं नाही. रखमा आपल्या पाटीमागून सगळं बघत होती.

घरी निमेशने वर्दी खुंटीला टांगली आणि बनियनवर जेवायला बसला. त्याच्या ताटात नुसता भात आणि लोणचं! सुरमईचं कालवण वाढलेलं ताट खुंटीखाली.

"आये, ते कुणाला?"

"वर्दीला. मासा तिला दिलेला. तुला बनियनवर कुणी काटा तरी दिला असता काय रे, मेल्या?"